तहकूब सुनावणी

जूनच्या मध्यतिथीला आठ दिवस उरले, आजचा आणि तो दिवस धरून. केर्बोसा.

पोहोचलो एकदाचे. शेवटचे चार कोस पालखी सोडून खेचरावर, आणि त्यातला शेवटचा कोस खेचरालाही नको झाला, म्हणून पायी. रोमचा सुभेदार चौपन्नाव्या वर्षी आपल्याच सुभ्यातल्या गावात काठी टेकत, घामाघूम होऊन शिरला. माझ्यापुढे चालणाऱ्या पाच दंडधाऱ्यांच्या खांद्यांवर काठ्या-कुऱ्हाडींच्या मोळ्या होत्या. त्या मानाच्या मोळ्या आज अगदी सरपणासारख्या दिसत होत्या.

इथे सुभेदार येतोय तो एकोणीस वर्षांनी. माझ्या आधीचे सगळे किनाऱ्यावर पेर्गेत बसून राहिले. डोंगरातल्या लोकांना न्याय हवा असेल तर त्यांनी खाली यावं, असं त्यांचं म्हणणं. मी पदावर आलो त्याच दिवशी ठरवलं होतं की जिथे न्यायसभा भरायला हवी तिथे मी स्वतः जाणार. त्यामुळे एकोणीस वर्षांची तुंबलेली गाऱ्हाणी वेशीवरच अंगावर येतील, अशी तयारी ठेवून आलो होतो. मागच्या गावात एका बाईनं घाईघाईत आपला अर्ज माझ्या खेचरापुढे धरला आणि खेचरानं तो खाऊन टाकला.

इथे वेशीवर शंभरेक माणसं उभी होती. धुतलेले कपडे, विंचरलेल्या दाढ्या. कुणाच्याही हातात काही नाही.

गावचा प्रमुख त्रोकोंडास सत्तरीचा आहे, पाठ अजून ताठ. "दमलात, सरकार. पाणी तापवून ठेवलंय. आधी अंघोळ करा, मग दोन घास खा."

"अर्ज किती आहेत?"

"अर्ज?" तो थोडा गोंधळला. "नाहीत, सरकार."

"एकोणीस वर्षांत इथे भांडण झालं नाही?"

"झाली की. माणसं आहेत तिथे भांडणं असायचीच. पण सुटतात."

माझा लेखनिक फिलेतोस माझ्याजवळ बावीस वर्षं आहे. पूर्वी गुलाम होता. मी मुक्त केल्यापासून जास्तच हुकूम चालवतो. तो कानाशी येऊन म्हणाला, "मालक, ज्या गावात तक्रार नाही, तिथे एक तर स्वर्ग असतो नाहीतर दहशत. आणि स्वर्गात एवढ्या गोमाश्या नसतात."

जूनच्या मध्याला सहा दिवस.

काल विश्रांती घेतली. आज चौकात न्यायसभा मांडायला गेलो, तर ती तिथे आधीच मांडलेली.

चौथऱ्यावर हस्तिदंती पायांची घडीची खुर्ची होती. आपल्याच पद्धतीची, सुभेदाराची. हस्तिदंत पिवळं पडलंय, बैठकीचं कातडं मात्र नवं कोरं. खुर्चीखाली लिहायच्या मेणाच्या तीन पाट्या, मिटून दोऱ्यानं बांधलेल्या.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"सुभेदार आल्फिदियससाहेबांची," त्रोकोंडास म्हणाला.

नाव दप्तरात वाचलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ते इथे न्यायसभेला आले आणि चौथ्या दिवशी तापानं गेले.

"गेले ना ते?"

"गेले, सरकार. देह खाली नेला. पण त्या दिवशी ताप चढला तेव्हा ते खुर्चीवरून उठताना म्हणाले, 'सुनावणी तहकूब.' संपली असं नाही म्हणाले. मग खुर्ची कशी हलवायची? पुढच्या वर्षी एका विधवेनं आपली पाटी आणून खाली ठेवली. कुणापुढे ठेवणार? वर कुणी येतच नव्हतं."

"बरं. मग?"

"सकाळी उठली तर तिला निकाल माहीत होता. तिच्या दिरालाही माहीत होता. दोघांना एकच."

"सांगितला कुणी?"

"कुणी नाही. उठलं की माहीत असतं. स्वतःचं नाव माहीत असतं, तसं."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही आणि रागावलंही नाही. सगळ्यांनी मला हसू दिलं.

"आणि हरणारा गुमान ऐकतो?"

"त्यालाही माहीत असतं ना, सरकार."

"मालक," फिलेतोस पुटपुटला, "या गावाचा पत्ता वकिलांना लागू देऊ नका. उपाशी मरतील बिचारे."

मी थट्टेतच विचारलं, या खुर्चीनं कुणाला मृत्युदंड वगैरे दिलाय का. त्रोकोंडासनं बोटांवर आठवून पाहिलं. "फारसे नाहीत. या वसंतात एक झाला. मोलेस मेंढपाळाला. याच जूनच्या मध्यतिथीला आहे. तो बघा, तिथेच आहे तो."

चौकाच्या पलीकडे एका घराच्या छपरावर एक धिप्पाड माणूस माती थापत बसला होता. आम्ही बघतोय हे पाहून त्यानं हात वर करून मला नमस्कार केला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या सुभ्यात माणसाचा जीव घेण्याचा अधिकार एकाच्या हातात आहे. सम्राटांनी तो मला लेखी दिलाय, माझ्या एकट्याला. मी दुसऱ्या कुणाला तो देऊही शकत नाही. आणि इथे एक रिकामं आसन तो वापरतंय!

मग मी केलं ते हे. मोठ्यानं सांगितलं की खुर्ची माणसाची नसते, पदाची असते, आणि ते पद आता माझ्याकडे आहे. मी चौथरा चढून तिच्यावर बसलो. सकाळपासून उन्हात होती तरी कातडं गार लागलं. थोड्या वेळानं ते जाणवेनासं झालं.

"बोला," मी म्हणालो.

चार माणसं पुढे आली, वाकली, एकेक पाटी खुर्चीखाली सरकवून मागे गेली. "सांगायचं ते पाटीत आहे, सरकार," एक जण म्हणाला. "बोलायचं कशाला?"

पाट्या उघडल्या नाहीत. उद्या बघू. पाय फार दुखताहेत.

मध्याला पाच दिवस.

सकाळी जागा झालो तो डोक्यात अक्रोडाचं झाड. स्वप्न म्हणावं तर स्वप्नात काहीतरी दिसतं, हे नुसतं माहीत होतं: झाड दोघांपैकी कुणाचंच नाही. तोडावं. लाकूड देवीच्या देवळाच्या छपराला द्यावं.

चौकात जाऊन पाट्या उघडल्या. पहिलीच पाटी दोन भावांची, बांधावरच्या अक्रोडाच्या झाडावरून. मी दोघांना बोलावणं पाठवलं. ते आले तेव्हा दोघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या आणि केसांत भुसा.

"झालं, सरकार. दिवस उगवताच तोडलं. ओंडके देवळात पोचवले."

"मी अजून निकाल दिलेला नाही!"

"हो, सरकार," थोरला म्हणाला. जेवण झाल्याचं विसरलेल्या म्हाताऱ्याशी आपण ज्या आवाजात बोलतो ना, त्या आवाजात.

बाकीच्या पाट्या उघडण्याआधीच त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं. त्याचा निकालही ठाऊक होता. उघडून खात्री केली. एकही चुकला नाही.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. निकाल उत्तम होते. मी तीस वर्षं कुठल्या ना कुठल्या न्यायासनावर बसतोय, आणि प्रत्येक निकालाच्या वेळी पोटात एक खडा असतो: चुकलं तर? आज तो खडा नव्हता. इतकं स्वच्छ मला कधी वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवानं नजर अशी तयार होत असावी.

फिलेतोसचं तोंड दिवसभर पांढरं होतं. "मालक, उद्या निघू या. पुढच्या गावचे लोक वाट बघत असतील."

"घाबरलास?"

"मी ग्रीक माणूस. आधी घाबरून घेतो, कारण मग सावकाश शोधतो."

मध्याला चार दिवस.

सकाळी भाकरी आणि शेळीचं चीज खात होतो, तेव्हा एक बाई आली. दंडधाऱ्यांनी अडवलं तर त्यांच्या काठ्यांखालून वाकून आत आली. अम्मिया, मोलेसची बायको. तिशीची असेल. लोकर रंगवून हात कोपरापर्यंत लाल.

"सरकार, ती पाटी मी ठेवली होती. मला ती परत पाहिजे."

तिनं सांगितलं ते असं. तिचा भाऊ केंदेआस आणि नवरा मोलेस गेल्या हिवाळ्यात वरच्या कुरणावर होते. वादळ आलं. मोलेस एकटाच खाली आला.

"दारात उभा राहिला, अंगावर बर्फ तसाच. मी विचारलं, दादा कुठाय? म्हणाला, पाय मोडला, मी त्याला वर सोडून आलो. जिवंत होता. असं सांगितलं बघा तोंडावर, जिवंत होता म्हणून! खोटं बोलला असता तर मी रडून गप्प बसले असते."

"आणि तू पाटी लिहिलीस."

"लिहिली. भावाला आलं तसंच मरण याला येऊ दे, म्हणून लिहिलं. रागाच्या भरात माणूस चुलीतलं जळतं लाकूडही फेकतं, सरकार. म्हणून काय घर जाळायचं?"

"आता काय म्हणतो तो?"

"काही म्हणत नाही, तेच तर! छप्पर शाकारतोय. दोन हिवाळ्यांचं सरपण फोडून ठेवलं. मी कुऱ्हाड लपवली तर शेजाऱ्याची मागून आणली. माझ्याशी भांडत नाही. भांडला असता तर मी म्हटलं असतं, आहे अजून माझा."

पाटी परत घ्यायला ती गेली होती. त्रोकोंडासनं काढूनही दिली, मेण खरवडलं. काही बदललं नाही. निकाल झालेला होता.

मी तिला म्हणालो, "बाई, या सुभ्यात माझ्या मोहरेशिवाय कुणाला मरता येत नाही. उद्या तुझ्या नवऱ्याची सुनावणी मी घेतो. रीतसर, तोंडी, साक्षीपुराव्यांसकट."

ती गेल्यावर फिलेतोस म्हणाला, "मोहरेचं हे ताप, साप आणि म्हातारपण यांना कळवलंय का, मालक?" पण तोही खूश होता. त्याला ती बाई आवडली.

मध्याला तीन दिवस.

सुनावणी झाली. सगळा गाव गोल करून बसलेला. मी त्याच खुर्चीवर बसलो, कारण दुसरीवरून दिलेला निकाल यांना निकाल वाटलाच नसता.

मोलेस बोलायला तयार नव्हता. प्रश्न विचारून विचारून काढावं लागलं.

"उचललं होतंस का त्याला?"

"हो, सरकार. पन्नास पावलं."

"मग?"

"मग खाली ठेवला. वारा असा होता की दोघंही पोचणार नव्हतो. मी एकटा पोचेन असं वाटलं."

"त्याला सांगितलंस?"

"सांगायला लागलं नाही. त्यानं माझ्या अंगरख्याची कड धरून ठेवली होती. मी बोटं सोडवली. एकेक करून, सरकार. मेंढीच्या लोकरीतून काटे काढतात तशी."

अम्मियानं पदर तोंडात धरला होता.

कायदा स्पष्ट आहे. मारण्याचा हेतू नाही, हत्यार नाही. मारलं ते थंडीनं. दोघांतला एक वाचला आणि तो हा, हा गुन्हा होत नाही. मी उभा राहून निकाल दिला: निर्दोष. आवाज चांगला लागला होता. अम्मिया धावत आली, आणि माझ्यापर्यंत पोचता येईना म्हणून फिलेतोसच्याच हाताचे मुके घेतले. तो लाजला.

मोलेस म्हणाला, "आपली मेहेरबानी, सरकार," आणि छपरावर परत गेला. एक कोपरा राहिला होता त्याचा.

"फार छान बोललात," त्रोकोंडास म्हणाला.

"निकाल कळला ना सगळ्यांना?"

"सकाळी बघू, सरकार."

मध्याचा आदला दिवस.

सकाळी जागा झालो आणि माहीत होतं: मोलेस जाईल.

बिछान्याच्या कडेवर किती वेळ बसलो कुणास ठाऊक. ते कुणाच्या आवाजात असतं तर बरं झालं असतं. भूत म्हणून मांत्रिक बोलावता आला असता. पण आवाज नव्हता. आणि लिहायला हवंच असेल तर हेही लिहितो: हा विचार मला अगदी नवा नव्हता. काल तो बोटं सोडवल्याचं सांगत होता तेव्हा, कायदा आठवायच्या आधी, एक क्षणभर माझ्या मनात हेच आलं होतं.

फिलेतोसनं सरळ सांगितलं, "मालक, त्याला बांधा. आत्ता. चार शिपाई द्या आणि पेर्गेला पाठवा. खाली समुद्र आहे, मासळीबाजार आहे, गोंगाट आहे. तिथे असलं काही टिकत नाही."

"निर्दोष ठरवलेल्या माणसाला बांधायचं? कुठल्या कायद्यानं?"

"तुमच्याच. सुभेदाराला कायदा कमी पडल्याचं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही."

उद्या सकाळी विचार करतो म्हणालो. दुपारी सम्राटांना पत्राचा मसुदा केला. 'या डोंगराळ भागात गेल्या कित्येक वर्षांत एकही दावा अपिलात गेलेला नाही,' असं एक वाक्य साधलंय. वाचून पाहिलं, शोभून दिसतं. राजधानीत असं पत्र कुठल्या सुभेदाराकडून गेलं असेल?

संध्याकाळच्या उन्हात मोलेस निरोप घ्यायला आला. सोबत चीजचा गोळा आणला होता. "वर्षभर टिकतो, सरकार. कोरड्या जागी ठेवा." मी घेतला. त्याला थांब म्हणावंसं वाटलं. हवापाण्याचं काहीतरी बोललो.

मध्यतिथी.

अम्मिया कोवळ्या उन्हात अंगणात आली. मोलेस उजाडायच्या आधीच वर गेला होता.

"सरकार, तुमच्याकडे पंचवीस शिपाई आहेत, खेचरं आहेत. तो पायी गेलाय. आत्ता निघाले तर गाठतील. मारून आणा, बांधून आणा, पाय तोडून आणा, पण आणा. तुमच्याकडे तलवार आहे म्हणतात, ती एकदा वाचवायला काढा की!"

मी तिला थांबायला सांगितलं. अंघोळ केली. टोगा नेसायला नेहमीइतका वेळ लागलाच. मध्यतिथी म्हणून सम्राटांच्या नावानं नैवेद्य दाखवायचा होता, तो चुकवता येत नाही. मग शिपायांच्या नायकाला बोलावलं, वाट कुठली, बरोबर काय न्यायचं, हे नीट समजावून घेतलं. अशा कामात घाई बरी नव्हे.

मी आदेश दिला नाही असं कुणी म्हणू नये. आदेश दिला. दुपारी दिला.

तेवढा सगळा वेळ ती अंगणात उभी होती. बसली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे बघत होती.

जुलैच्या प्रतिपदेला, म्हणजे पहिल्या तारखेला, अठरा दिवस.

सापडला. नायक सहा मोहिमा पाहिलेला, तोंडावर वार असलेला माणूस. सांगताना तो पुन्हा पुन्हा हात अंगरख्याला पुसत होता.

"उघडा उतार आहे, साहेब. भर ऊन. सगळीकडे रानओवा फुललेला, मधमाश्या. बर्फाचं नाव नाही. हा खडकाला टेकून बसलेला. दाढीत बर्फ, भुवयांवर बर्फ. कातडी दगडासारखी. आम्ही घोंगडीत घालून आणला. चार तास उन्हातून आणला, पण बर्फ वितळलं नाही."

अम्मियानंच त्याला अंघोळ घातली. बायका मदतीला गेल्या तर त्यांना हात लावू दिला नाही. म्हणतात, धुताना तिचे लाल हात निळे पडले.

मी चौकात खुर्चीवर होतो. ती आली, डोळे कोरडे. गर्दीतून लोक बाजूला झाले. ती चौथऱ्यापाशी वाकली आणि माझ्या पायांच्या मागे, खुर्चीखाली, एक पाटी सरकवली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि गेली.

कुणाविरुद्धची पाटी, हे विचारायची गरज नव्हती. उघडून वाचायचा मला अधिकार आहे. वाचली नाही. सुनावणी संपल्याचं जाहीर करायला उठलो आणि तोंडातून आलं, "सुनावणी तहकूब." 'संपली' काय नि 'तहकूब' काय, अर्थ जवळचेच आहेत. जीभ घसरते.

फिलेतोस घरापर्यंत माझा दंड धरून चालला. "मालक, निघू या. आहात तसे. सामान मागून येईल. टोगा राहू दे, खुर्ची राहू दे, सुभा राहू दे!"

"माझ्याविरुद्ध तक्रार आहे म्हणून मी पळून जाऊ? सुभेदार पळाला म्हणतील."

"म्हणू देत. जिवंत माणसाला काहीही म्हणता येतं."

प्रतिपदेला सतरा दिवस.

काही नाही!

जागा झालो, पडून राहिलो, आत शोधलं. काहीच नव्हतं. मनात एकही निकाल नाही, ना माझा, ना दुसऱ्या कुणाचा. ओझं उतरल्यासारखं वाटलं, मोठ्यानं हसलोही. हे सगळं पर्वतातल्या विरळ हवेचं असणार. शेवटी फिरत्या कारभाराचा थकवा म्हणायचा.

गावाचीही माझ्यावरची नाराजी गेलेली दिसते. रस्त्यानं निघालो तर एका म्हातारीनं गरम भाकरी हातात ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. सुभेदाराच्या गालावरून! त्रोकोंडासनं मला मिठी मारली, खांद्याचं चुंबन घेतलं. दंडधारीसुद्धा आज एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत होते, आणि मी जवळ गेलो की थांबत होते.

"मालक," फिलेतोसनं विचारलं, "सकाळी उठल्यावर... काही?"

"काही नाही. का, तुला काही?"

"मला? छे. मला काय कळणार? मी बाहेरचा माणूस." फार घाईनं बोलला. डोळे लाल होते. चुलीचा धूर म्हणे.

प्रतिपदेला पंधरा दिवस.

दोन दिवस कामांत गेले. बरं वाटतंय. पेर्गेतल्या माझ्या दुय्यमाला सविस्तर पत्र लिहिलं: कुठल्या शहराच्या सभेत कोण भरवशाचा, कुठली अपिलं तातडीची, बंदराचा धक्का पावसाआधी का व्हायला हवा. कारभाराची घडी बसवून ठेवलेली केव्हाही चांगली. मोहर फिलेतोसकडे दिली, हरवायला नको म्हणून. दोन पालखीवाल्यांना मुक्त केलं, बरेच दिवस मनात होतं. सम्राटांच्या पत्रातलं ते वाक्य खोडलं. शोभत होतं, पण आता नको वाटलं.

या गावाला पाण्याचा नीट पाट नाही. वरच्या अंगाला झरा असेल तर तिथून दगडी पाट आणता येईल. जाण्याआधी एवढं काम करून ठेवावं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून असली कामं होत नाहीत, स्वतः जाऊन यायला हवं.

प्रतिपदेला चौदा दिवस.

हवा स्वच्छ आहे, ऊन चांगलं आहे. जाड अंगरखा फिलेतोसला देऊन टाकला. त्यानं तो न घेता जमिनीवर पडू दिला. पाचही दंडधारी दाराशी उभे आहेत. नियमानं त्यांनी माझ्यापुढे चालायला हवं. मी नको म्हणालो, आणि एकानंही आग्रह केला नाही.

निघणार तोच अम्मिया आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पाठीवर काहीतरी बांधलेलं होतं.

"सरकार, ती पाटी मी खरवडून टाकली. सकाळ-संध्याकाळ जाऊन मागे घेतली म्हणून सांगते तिथे. तुम्ही वर जाऊ नका."

"मला तुझा राग नाही, बाई. मी फक्त झरा बघायला चाललोय. गावाला पाणी आणायचंय."

"झरा खाली आहे, सरकार. गावाच्या खाली, ओढ्यापाशी. वर पाणी नाही. वर काहीच नाही."

फिलेतोस भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तिला समजावलं की पाणी नेहमी वरूनच येतं, डोंगरातल्या माणसांना हे माहीत नसावं याचं नवल वाटतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी अंगणातून बघत होती तसं नाही, वेगळं.

मग म्हणाली, "बरं. मग मीही येते. माझ्या घरचे दोन गेले वर. आता तिसऱ्याला एकटं जाऊ द्यायची नाही मी."

हट्टी बाई आहे. येऊ दे, वाट तिला माहीत आहे. पाठीवर तिनं दोन घोंगड्या आणि मेंढ्या ओढायचा दोर घेतलाय. जून महिन्यात, एवढ्या उन्हात घोंगड्या कशाला, म्हणून विचारलं. ती दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधत होती, आणि आता दुसरं टोक हातात घेऊन माझं लिहून व्हायची वाट बघत उभी आहे.